‘नाटक’ हा शब्द कोण कोणाला लावतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)

दवाखान्याच्या बाकावर वेणांनी कण्हणाऱ्या बाईला ‘नाटके बंद कर’ म्हणून दटावले जाते. उन्हात भोवळ येऊन खाली बसलेल्या रोजगार हमीच्या मजुराकडे पाहून मुकादम म्हणतो, ‘सोंग करतोय.’ पोटदुखीने अंथरूण धरलेल्या सुनेविषयी शेजारणीला सांगितले जाते, ‘हिचे हे रोजचेच नाटक आहे.’ फाटकासमोर ठाण मांडून बसलेल्या कामगारांना व्यवस्थापनाचा माणूस बजावतो, ‘हा तमाशा आता पुरे.’ आणि अलीकडे शहरांतील घराघरांत लहान मुलाच्या रडण्यापासून तरुण मुलीच्या तक्रारीपर्यंत प्रत्येक गोष्टीला ‘ड्रामा करू नकोस’ हे एकच उत्तर तयार असते.

या वाक्यांतील शब्द निरनिराळे आहेत, प्रसंगही निरनिराळे आहेत. तथापि त्यांत एक गोष्ट समान आहे. बोलणाऱ्याच्या हाती काही ना काही सत्ता आहे. ती कधी पगाराची, कधी औषधाची, कधी घरातल्या भाकरीची असेल, पण ती आहे. ज्याला उद्देशून हे बोलले जाते त्याच्या हाती मात्र स्वतःच्या वेदनेखेरीज दुसरा पुरावा नाही. ‘नाटक’ या एका शब्दाने तो पुरावाच खोटा ठरविला जातो. मागणी अमान्य करावयाची तर कारणे द्यावी लागतात, आकडे मांडावे लागतात. मागणी करणारा मनुष्यच नाटकी आहे असे म्हटले की कारणे देण्याचा त्रास वाचतो. हा शब्द म्हणजे चर्चा टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. म्हणूनच परिवर्तनाच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी या शब्दाची थोडी उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

मराठी भाषेत या अर्थाच्या शब्दांची मोठी समृद्धी आहे. नाटक, सोंग, तमाशा, बतावणी, फार्स, खेळ. हिंदीतून आलेली नौटंकी आणि इंग्रजीतून आलेला ड्रामा. यांपैकी जवळजवळ प्रत्येक शब्द कोणत्या तरी जिवंत कलाप्रकाराचे नाव आहे. बतावणी हे तमाशाचे एक अंग. गण, गौळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने तमाशा रंगत जातो. सोंगे आणली जातात ती लळितात, दशावतारात आणि भारुडात. नौटंकी ही उत्तर भारतातील लोकनाट्याची एक भरघोस परंपरा. ‘तमाशा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ फिरावयास जाणे, मौजेने पाहणे असा. महाराष्ट्रात तो एका कलेचे नाव झाला, आणि पुढे त्याच नावाची शिवी झाली. कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतील ज्या कलावंतांनी ही कला पिढ्यान्पिढ्या पोसली, त्यांच्या श्रमाविषयीची समाजाची तुच्छता या शिवीत साठलेली आहे. ‘चारचौघांत तमाशा नको’ असे सांगणाऱ्या पांढरपेशा मनुष्याला आपण एका अख्ख्या व्यवसायाला हीन ठरवीत आहोत याची जाणीवही नसते.

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी एक हकीकत महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. प्रयोग चालू असतानाच वेणा सुरू झाल्या; त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या. प्रकार लक्षात येताच प्रेक्षकांनीच खेळ थांबवावयास लावला. ज्या शब्दाचा उपयोग खोट्या वेदनेसाठी केला जातो त्या शब्दाच्या पोटात खऱ्या वेदना अशा दडलेल्या आहेत. तमाशाच्या तंबूत तिकीट काढून बसलेल्या त्या ग्रामीण प्रेक्षकाला सोंग कोणते आणि प्रसूती कोणती हे कळले. दवाखान्याच्या बाकापाशी उभ्या असलेल्या सुशिक्षिताला ते कळत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या शब्दसंपत्तीला आणखी एक बाजू आहे. नाटकाच्याच व्यवसायातून आलेले काही शब्द भाषेत मोठ्या प्रतिष्ठेने नांदतात. सभेचे सूत्रसंचालन होते, कटाला सूत्रधार असतो, घटना नाट्यमय असते आणि पुढाऱ्याला ‘भूमिका’ असते. भूमिका म्हणजे नटाने घेतलेले पात्र. तोच शब्द आज पक्षाच्या विचारपूर्वक घेतलेल्या पवित्र्याला लावला जातो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. महाराष्ट्रात २०१९ साली आणि पुन्हा २०२२ साली सत्तेसाठी जी पळापळ झाली, आमदारांना हॉटेलांतून ठेवण्यात आले, पहाटे आणि मध्यरात्री खलबते झाली, त्याला वृत्तपत्रांनी ‘सत्तानाट्य’ हे भारदस्त नाव दिले. कोणी त्याला ‘सोंग’ म्हटले नाही. मतदाराचा विश्वास ज्यांनी विकला त्यांचे ‘नाट्य’ होते, आणि धान्य मागणाऱ्या बाईचे ‘नाटक’! एका जोडाक्षराच्या फरकात भाषेने वर्गभेद पाळला आहे.

मुळात हा शब्द असा नव्हता. ‘ड्रामा’ हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ ‘करणे’ असा आहे. ड्रामा म्हणजे कृती. ग्रीकांच्याच भाषेत नटाला जो शब्द होता त्यापासून मात्र इंग्रजीतील ढोंगी मनुष्याचा वाचक शब्द निघाला. एका शब्दाला कर्तृत्व चिकटले, दुसऱ्याला कपट. कृती आणि कपट यांच्यामधील हा झोका नाटकाच्या वाट्याला प्रथमपासून आलेला आहे.

भारतीय परंपरेतील कथा याहून बोलकी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याच्या उत्पत्तीचे कारण दिलेले आहे. वेद ऐकण्याचा अधिकार शूद्रांना नाही. म्हणून सर्व वर्णांसाठी एक पाचवा वेद निर्माण करावा अशी देवांनी ब्रह्मदेवाला विनंती केली आणि त्यातून नाट्यवेद जन्माला आला. ज्यांच्यासाठी ज्ञानाची सर्व दारे बंद होती त्यांच्यासाठी उघडलेले ते एक दार होते. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी काय सांगितले आहे? भरताच्या पुत्रांनी आपल्या प्रयोगांतून ऋषींची टवाळी केली. ऋषी रागावले आणि त्यांनी त्या नटांना शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल. ही पुराणकथा आहे, इतिहास नव्हे, हे खरे. परंतु समाजाच्या मनातील व्यवहार तीत स्वच्छ उतरला आहे. बलवंताची नक्कल करण्याची शिक्षा म्हणून नटाची जात खाली उतरविली गेली. नाटक हा शब्द शिवी होण्याची प्रक्रिया जणू तेथेच सुरू झाली.

मराठी मुलखातील संतांनी मात्र या साधनाचे मोल ओळखले होते. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, महारही येतो. संताने घेतलेली ही सोंगे होती आणि त्या सोंगांच्या तोंडून लोकांना जे सांगितले गेले ते धर्माच्या नावावर चाललेल्या दांभिकतेच्या विरुद्ध होते. येथे सोंग हे सत्य झाकण्याचे साधन नसून ते उघड करण्याचे साधन आहे.

हीच वाट महात्मा फुल्यांनी १८५५ साली धरली. ‘तृतीय रत्न’ या नाटकात एका गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून जोशी कसा नागवतो हे त्यांनी दाखविले. त्यातील विदूषक ढोंगावर बोट ठेवीत जातो, आणि अखेरीस ते जोडपे शिकण्यासाठी शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. पुढे ‘गुलामगिरी’त फुल्यांनी त्या कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहाकडे बोट दाखविले आहे. ते नाटक छापून लोकांच्या हाती पडावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्यांनी ते दडपले त्यांना ते ‘नुसते नाटक’ वाटले असते तर दडपण्याचा खटाटोप त्यांनी केलाच नसता.

इंग्रज सरकारचे वर्तन याच कसोटीवर तपासण्यासारखे आहे. दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या १८६० सालच्या बंगाली नाटकाने निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम चव्हाट्यावर मांडला. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ साली जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिन्याचा तुरुंगवास आणि एक हजार रुपये दंड झाला. १८७६ साली सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार देणारा स्वतंत्र कायदाच केला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसला आणि द्रौपदीत देश दिसला. १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतरही चित्र फारसे पालटले नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाला मुंबई सरकारच्या बंदीला तोंड द्यावे लागले. तमाशावर बंदी आली तेव्हा त्याच अंगाने रचलेल्या खेळांना ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले आणि ते रूढ करण्यात अण्णा भाऊंचा मोठा वाटा होता. शब्द बदलताच तीच कला सभ्य ठरली. १८७६ चा तो कायदा तर स्वतंत्र भारताच्या कायद्यांच्या यादीत पुढे कित्येक दशके पडून होता. संसदेने केलेल्या कायद्याने तो रद्द झाला तो २०१८ च्या जानेवारीत.

सत्तेच्या या दुटप्पीपणाचा सर्वांत भीषण पुरावा दिल्लीजवळील साहिबाबादच्या झंडापूर येथे मिळाला. १ जानेवारी १९८९ रोजी कामगार वस्तीत ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर गुंडांनी हल्ला चढविला. एक कामगार जागीच मारला गेला. दुसऱ्या दिवशी सफदरांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री सहकाऱ्यांसह त्याच जागी परत गेल्या आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पुरा केला. नाटक हे खोटे असते असे म्हणणाऱ्यांना नाटकाचे भय वाटते, ते नाटकातील खरेपणामुळेच.

आता रंगभूमीवरून रस्त्यावर येणे क्रमप्राप्त आहे. कारण कार्यकर्त्याचा संबंध मुख्यतः रस्त्याशी असतो. सत्याग्रहाचा इतिहास पाहिला तर त्यातील प्रत्येक मोठ्या कृतीत एक दृश्य आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या दिवशी तेथे जमलेल्या हजारो लोकांची तहान ओंजळभर पाण्याने भागणार नव्हती हे उघड होते. ती कृती सर्वांच्या देखत, दिवसाढवळ्या व्हावयाची होती. तिचा अर्थच त्या दर्शनात होता. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून ७८ सोबत्यांना घेऊन निघालेले गांधीजी ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलतात. इंग्रजी वृत्तपत्रांनी प्रारंभी या उपक्रमाची टवाळी केली. मूठभर मिठाने साम्राज्य कसे हलणार, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात मीठ मोजले गेले, ते पाहणारे कोट्यवधी लोक मोजले गेले नाहीत.

साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी ते सुटले. परंतु त्या दहा दिवसांच्या आधी गुरुजींनी महाराष्ट्रभर केलेला कित्येक महिन्यांचा दौरा होता. गावोगाव सभा होत्या आणि सोबत सेवादलाचे कलापथक होते. आधी कला आली, मग लोकमत आले, मग उपोषण आले. सेवादलाच्या कलापथकाला करमणुकीची शाखा समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. वसंत बापटांसारखा कवी, पुढे निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट त्या कलापथकातून घडले ते योगायोगाने नव्हे. लोकांपुढे उभे राहून लोकांची गोष्ट सांगणे हे तेथे राजकीय कार्य मानले जात होते.

१९७२ नंतरच्या दुष्काळी आणि महागाईच्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि विविध पक्षांतील त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मुंबईत लाटणे मोर्चा काढला, थाळ्या वाजविल्या. लाटणे हे शस्त्र नव्हे. परंतु ज्या वस्तूने रोज पोळी लाटावयाची तीच वस्तू रिकाम्या हाताने रस्त्यावर आणली गेली, तेव्हा कोणत्याही निवेदनापेक्षा ती अधिक बोलली. त्या लाटण्यात अभिनय होता काय? होता. खोटेपणा होता काय? मुळीच नव्हता. डब्यात पीठ नव्हते हे खरे होते आणि ते खरे आहे हे सरकारला दिसावे म्हणून लाटणे उचलले गेले होते.

येथे मुख्य मुद्दा हाती लागतो. ज्याच्याजवळ वृत्तपत्र नाही, वकील नाही, मंत्र्याच्या दालनात प्रवेश नाही, त्याला आपले दुःख दिसेल अशा रूपात मांडावे लागते. दृश्य निर्माण करणे ही दुर्बलाची गरज असते. या गरजेलाच अप्रामाणिकपणा म्हणणे म्हणजे मुक्याने हातवारे केले म्हणून त्याला नाचरा ठरविण्यासारखे आहे. २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तामिळनाडूतील दुष्काळग्रस्त शेतकरी दिल्लीच्या जंतरमंतरवर सुमारे चाळीस दिवस बसले होते. त्यांनी कवट्या मांडल्या, तोंडात मेलेले उंदीर धरले. अनेकांनी त्याला नाटक म्हणून हिणविले. साधा अर्ज हाती घेऊन ते बसले असते तर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, आणि दृश्य उभे करताच ते नाटकी ठरले. गरिबाने गप्प राहावे किंवा खोटे ठरावे, असा हा पेच आहे.

या पेचाचे सर्वांत क्रूर रूप न्यायालयाच्या दारातही दिसून आले आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना दोषी धरले होते. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, सबब तिने प्रतिकार केल्याचे आणि आरडाओरडा केल्याचे म्हणणे खोटे, असा निष्कर्ष काढला गेला. म्हणजे वेदना खरी ठरण्यासाठी तिने ठराविक पद्धतीने दिसले पाहिजे असा दंडक झाला. १९७९ साली चार विधिज्ञ प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. रस्त्यावर आलेल्या त्या स्त्रियांनाही ‘तमाशा’ हा शब्द ऐकावा लागला असेल, यात नवल नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे मर्म याच ठिकाणी आहे. वेळ घालविण्यासाठी एक हौशी मंडळी खोट्या खटल्याचा खेळ मांडते. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे केले जाते. खेळ चालता चालता त्या स्त्रीचे खाजगी आयुष्य ओरबाडले जाते. आणि शेवटी तीच मंडळी तिची समजूत घालतात की हा तर नुसता खेळ होता. छळ करणाऱ्याचा खरा छळ ‘खेळ’ म्हणून सुटतो. छळ सोसणाऱ्याची खरी वेदना ‘नाटक’ म्हणून नाकारली जाते. मध्यमवर्गीय घरांत रोज घडणारा हा व्यवहार तेंडुलकरांनी मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोरच मांडला.

मग खरे आणि खोटे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या मराठी म्हणीत आहे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. ज्यांनी ही म्हण घडविली ते गरीब लोक होते आणि त्यांना जगाचा चांगला अनुभव होता. राजाचे सोंग आणता येते, साधूचे आणता येते, देवाचेही आणता येते. परंतु बनियाच्या दुकानी उभे राहिल्यावर खिशातले नाणेच बोलते. याच चालीवर असे म्हणता येईल की उपाशी पोटाचे सोंग फार दिवस आणता येत नाही, आणि सोललेल्या पायाचे तर मुळीच नाही. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, वनजमिनीच्या हक्कासाठी मुंबईकडे निघाले. सुमारे १८० किलोमीटरची ती पायपीट होती. मुंबईत पोहोचल्यावर, दहावीच्या परीक्षार्थींना अडचण होऊ नये म्हणून, थकलेले ते लोक रात्रीतूनच चालत आझाद मैदानावर आले. त्यांच्या रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा मुंबईच्या मध्यमवर्गाने पाणी आणि चपला पुढे केल्या. ‘नाटक’ म्हणावयास उघडलेली कित्येक तोंडे त्या तळव्यांपाशी मिटली.

म्हणजे कसोटी ही आहे: या कृतीची किंमत कोण मोजतो? जो दृश्य उभे करतो तोच जर त्याची किंमत स्वतःच्या मजुरीने, स्वतःच्या शरीराने, स्वतःच्या अब्रूने मोजीत असेल तर ती कृती, ग्रीकांच्या मूळ अर्थाने, ‘ड्रामा’ आहे, करणी आहे. आणि दृश्य उभे करणाऱ्याच्या पदरी लाभ व पाहणाऱ्याच्या पदरी भुर्दंड पडत असेल तर ते सोंग आहे, मग ते कितीही उंच व्यासपीठावरून होवो. ज्या धरणाला पुनर्वसनाचा पत्ता नाही त्याचे जलपूजन, ज्या दवाखान्यात डॉक्टर नाही त्याचे लोकार्पण, दुष्काळी शिवारात गाडीतून न उतरता केलेली पाहणी: ही सोंगे होत. मराठी भाषा या सोंगांना ‘कार्यक्रम’ म्हणते. त्यांना त्यांचे खरे नाव देण्यास कोणी संकोचू नये.

परंतु साथींनो, ही कसोटी एकाच दिशेने लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. चळवळीच्या आपल्या अंगणातही काही सोंगे वाढलेली आहेत. सकाळी अकराला पोलिसांशी आधी ठरवून करून घेतलेली अटक आणि चार वाजता चहा घेऊन झालेली सुटका. छायाचित्रकार येईपर्यंत थांबलेली घोषणा. पाळीपाळीने बसून संध्याकाळी घरी जेवणारे साखळी उपोषण. मागण्यांचे तेच निवेदन, साल तेवढे बदललेले. या कृतींची किंमत कोणी मोजीत नाही, म्हणून त्यांचे भय कोणाला वाटत नाही, म्हणून त्यांच्यावर कोणी बंदीही घालीत नाही. जिल्हाधिकारी कचेरीतील कारकुनाला मोर्चाची वेळ, घोषणा आणि पांगण्याची घटका पाठ झालेली असेल, तर त्या मोर्चाला नाटक म्हणणाऱ्यावर रागावण्याचा अधिकार कार्यकर्त्याने गमावलेला असतो. असे प्रत्येक पोकळ आंदोलन पुढच्या खऱ्या आंदोलकाची पत खाते. कवट्या घेऊन बसलेल्या शेतकऱ्यावर जो अविश्वास दाखविला जातो त्यातला काही वाटा या हंगामी सोंगांनी पैदा केलेला आहे.

आणखी एक गोष्ट याहून अवघड आहे. सभेत श्रमिकांच्या वेदनेविषयी कळवळून बोलणारा कार्यकर्ता रात्री घरी परततो. दिवसभर राबलेली बायको ‘आज बरे वाटत नाही’ म्हणते आणि त्याच्या तोंडून सहज निघून जाते, ‘नाटके करू नकोस.’ कार्यालयात झाडलोट करणारी बाई एक दिवस उशिरा येते, मूल आजारी असल्याचे सांगते, आणि पक्षकार्यालयातील मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. त्या हसण्यात मुकादमाचा आवाज असतो. शोषणाविरुद्धचे सगळे ठराव मंजूर करूनही तो आवाज घशात तसाच राहू शकतो, कारण भाषा ठरावाने बदलत नाही. ती सवयीने बदलते.

यावर मोठा उपाय नाही, लहान उपाय आहे. ‘नाटक’ हा शब्द ओठांवर आला की उच्चारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: काय दुखते? उत्तर ऐकून घेण्यास पाच मिनिटे लागतात. उत्तर खोटे निघण्याचा संभव आहे. माणसे खोटेही बोलतात आणि गरीब माणसेही बोलतात. तसे झाले तर पाच मिनिटे वाया गेली एवढेच. परंतु न विचारता शब्द फेकला आणि वेदना खरी निघाली, तर दवाखान्याच्या त्या बाकावर दोन जीव जाऊ शकतात. दोन्ही चुकांचे वजन सारखे नाही.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे लोक म्हणतात. राज्यकर्ते पुष्कळदा असे सोंग घेऊन पडलेले असतात, आणि त्यांच्या उशाशी थाळी वाजविणारीलाच ते विचारतात की हे काय नाटक चालविले आहेस. थाळी वाजविणारीने या प्रश्नाला उत्तर देत बसू नये. थाळी रिकामी आहे तोवर ती वाजवीत राहावी. कार्यकर्त्याचे काम एवढेच की त्या थाळीचा आवाज त्याला स्वतःला प्रथम ऐकू यावा, घरातल्या थाळीचाही.